शिलोचा निवाडा

यरुशलेमेहून उत्तरेस, एफ्राईमच्या डोंगराळ मुलखातून शखेमकडे जाणारी जुनी वाट धरली, की साधारण तीस किलोमीटरांवर तिच्या पूर्वेला डोंगरांनी वेढलेले एक सुपीक खोरे लागते, आणि त्याच्या उत्तर टोकाशी एका टेकाडावर पडक्या भिंतींचे अवशेष पसरलेले दिसतात. आसपासचे अरब गावकरी त्या जागेला खिर्बेत सैलून म्हणत. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन पंडित तेथे पोहोचला, तेव्हा ‘शास्ते’ या ग्रंथाच्या अखेरीस दिलेला ठावठिकाणा, म्हणजे बेथेलच्या उत्तरेस, बेथेलहून शखेमला जाणाऱ्या सडकेच्या पूर्वेस आणि लबोनाच्या दक्षिणेस, हा त्या टेकाडाशी नेमका जुळतो हे त्याच्या ध्यानी आले. हेच प्राचीन शिलो. शलमोनाने यरुशलेमेत मंदिर बांधले त्याच्या पुष्कळ आधी इस्राएलाचे मुख्य देवस्थान येथे होते, आणि धर्माधिकाऱ्यांकडून परमेश्वर स्वतः हिशेब मागतो ही बायबलमधील कल्पना पहिल्याने पूर्णपणे आकाराला आली तीही याच टेकाडावरच्या एका घराण्याच्या हकीकतीत.

कनानात पाय रोवल्यावर इस्राएलाच्या वंशांनी आपला दर्शनमंडप शिलो येथे उभा केला, उरलेल्या मुलखाची वाटणी तेथेच चिठ्ठ्या टाकून केली आणि कराराचा कोश तेथे ठेवला. त्या काळी या लोकांना राजा नव्हता, राजधानी नव्हती, कायमची फौज नव्हती. डोंगरकपारींत विखुरलेल्या बारा वंशांना एकत्र बांधून ठेवणारे सूत्र म्हणजे दरवर्षीची शिलोची यात्रा. अशा ठिकाणी, इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, एली हा याजक होता. अहरोनाच्या इथामार नावाच्या मुलाच्या शाखेतला हा पुरुष चाळीस वर्षे इस्राएलाचा न्यायनिवाडाही करीत होता, असे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात नोंदले आहे. म्हणजे वेदीची चाकरी आणि दिवाणी अधिकार ही दोन्ही एकाच हाती आली होती. हफनी आणि फिनहास हे त्याचे दोन पुत्र वेदीपाशी याजकपण करीत.

याजकाचे काम वंशपरंपरेचे, आणि त्यावरच त्याचे पोट. लेवींना व याजकांना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटा नव्हता. त्याऐवजी यज्ञाच्या पशूतला ठरावीक हिस्सा त्यांना मिळे. आपल्याकडच्या वतनदाराचे हक्क जसे कुळाकुळाच्या पिकावर पिढ्यान्पिढ्या बांधलेले असत, तसाच हा प्रकार होता. शांत्यर्पणाच्या पशूचे ऊर आणि उजवी मांडी याजकाची, असे लेवीय ग्रंथ सांगतो. अनुवाद ग्रंथात खांदा, दोन्ही गालफडे आणि कोठा असा तपशील आहे. दोन्हींत फरक आहे, परंतु तत्त्व एकच: हिस्सा ठरलेला आहे, आणि त्याच्या आधी चरबी वेदीवर जाळून परमेश्वराचा भाग परमेश्वराला पोचला पाहिजे. याच नियमसंग्रहात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष क्वचित जाते. अजाणता घडलेल्या पापाबद्दल द्यावयाच्या बळीची तेथे प्रतवारी लावली आहे. सामान्य माणसाने पाप केले तर शेळी किंवा मेंढी, अधिपतीने केले तर बकरा. पण अभिषिक्त याजकाने केले तर गोऱ्हा, आणि सगळ्या मंडळीने मिळून केले तरीही गोऱ्हाच. एकट्या याजकाच्या चुकीचे वजन अख्ख्या समाजाच्या चुकीएवढे, राजपुरुषाच्या चुकीहून अधिक, असा हा हिशेब आहे. एलीच्या घराण्यावर पुढे जे आरोपपत्र ठेवले गेले ते समजण्यास ही प्रतवारी मनात धरून ठेवणे अवश्य आहे.

ते आरोपपत्र कोणत्याही गूढ धर्मतत्त्वाने सुरू होत नाही. ते स्वयंपाकाच्या भांड्यापासून सुरू होते. यात्रेकरू आपल्या बायकामुलांसह दोन-तीन दिवसांची चाल करून आला आहे. वर्षभर जपलेला पशू त्याने वेदीपाशी मारला आहे. आता मंडपाच्या आवारात चूल पेटवून तो मांस शिजवीत बसला आहे, कारण शांत्यर्पणाचे उरलेले मांस कुटुंबाने परमेश्वरासमोर बसून खावयाचे, हाच त्या सणाचा आनंद. तेवढ्यात याजकाचा चाकर येतो. त्याच्या हातात तीन दातांचा मोठा काटा आहे. तो काटा तो परातीत, कढईत, हंड्यात, मडक्यात, जे भांडे चुलीवर असेल त्यात खुपसतो, आणि काट्याला जे लागून वर येईल ते याजकासाठी घेऊन जातो. ठरलेला हिस्सा संपला. काट्याला लागेल तो हिस्सा झाला. शिलोला येणाऱ्या प्रत्येक इस्राएलाशी ते असेच वागत, असे ग्रंथकार स्पष्ट नमूद करतो, म्हणजे ही एखाद्या उनाड चाकराची आगळीक नसून तेथली वहिवाट झाली होती.

पुढची पायरी याहून वाईट. चरबी जाळण्याच्या आधीच चाकर येऊन उभा राहू लागला आणि भाजण्यासाठी कच्चे मांस मागू लागला, कारण धन्याला शिजवलेले नको होते. यज्ञ करणारा भोळा माणूस विनवीत असे, की आधी चरबी तेवढी जळू दे, मग तुला हवे तेवढे ने. या विनवणीत केवढी शालीनता आहे पाहा! शेतकरी आपला घास सोडायला तयार आहे, फक्त देवाचा भाग आधी देवाला जाऊ द्या एवढेच त्याचे म्हणणे आहे. धर्मशास्त्र येथे याजकाला यजमान शिकवीत आहे. त्यावर चाकराचा जबाब ठरलेला असे: आताच्या आता दे, नाहीतर जबरीने घेईन. हे पाप परमेश्वराच्या दृष्टीने फार मोठे होते, असा शेरा मारून ग्रंथकार त्याचे कारणही सांगतो. त्यामुळे लोकांच्या मनातून यज्ञ उतरला. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म याच कारणात आहे. पशूचे मांस किती गेले हा प्रश्न दुय्यम. ज्या एका ठिकाणी गरीब माणूस निर्धास्तपणे देवासमोर उभा राहू शकत होता, तेथे जाण्याचीच त्याला किळस येऊ लागली, आणि ती किळस उत्पन्न करणारे हात वेदीच्या सेवेकऱ्यांचे होते.

दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी हे दोघे व्यभिचार करीत, असाही आरोप प्रचलित पाठात आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत सापडलेल्या शमुवेल ग्रंथाच्या एका प्राचीन हस्तलिखितात ते वाक्य आढळत नाही, म्हणून काही विद्वान ते मागाहून आलेले मानतात. तसे असले तरी मूळ फिर्यादीला काही उणेपणा येत नाही.

आता स्वतः एली. त्याचे चित्र ग्रंथकाराने फार ममतेने, आणि म्हणूनच फार कठोरपणे रेखाटले आहे. आपण त्याला प्रथम पाहतो तो मंदिराच्या दारबाह्यापाशी आसनावर बसलेला. एलकानाची पत्नी हन्ना, मूल नाही म्हणून सवतीच्या टोमण्यांनी खचलेली, तेथे येऊन मनातल्या मनात प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाही. एलीची नजर त्या ओठांवर जाते आणि बाई द्राक्षारस पिऊन झिंगली आहे असे ठरवून तो तिला तेथल्या तेथे दटावतो. तिने खरी कैफियत सांगताच तो आपला शब्द मागे घेतो आणि तिला आशीर्वाद देतो. हा त्याचा सरळपणा. पण वाचणाऱ्याच्या मनात एक गोष्ट रुतून राहते: परक्या दीन स्त्रीला जाब विचारण्यास त्याला क्षणभरही लागला नाही, आणि घरातल्या दोघांना जाब विचारावयास तो म्हातारा होईपर्यंत थांबला.

अखेर विचारले तेही लोकांच्या तोंडून सगळीकडून तक्रारी कानी आल्यावर. तो मुलांना म्हणाला की मी ऐकतो ती कीर्ती बरी नाही. माणसाने माणसाचा अपराध केला तर निवाडा करणारा देव आहे, पण परमेश्वराचाच अपराध केला तर मध्यस्थी कोण करणार? बोलणे उत्तम, तर्क बिनतोड. परंतु तो केवळ बाप नव्हता. चाळीस वर्षे निवाडे देणारा शास्ता होता. मुलांना वेदीवरून दूर करण्याचा अधिकार पृथ्वीतलावर कोणाला असेल तर तो त्यालाच होता, आणि त्याने केला तो फक्त उपदेश. काटा भांड्यांत खुपसला जातच राहिला.

मग एके दिवशी एक देवाचा माणूस एलीकडे आला. त्याचे नाव, गाव, वंश काहीच दिलेले नाही. मोठ्या घराण्याविरुद्ध फिर्याद घेऊन आलेला हा पुरुष ग्रंथात बिननावाचाच राहिला आहे. त्याच्या बोलण्यात मुलांची नावे उशिरा येतात. पहिला प्रश्न बापाला आहे. माझ्यापेक्षा तू आपल्या पुत्रांचा मान अधिक का राखतोस, आणि माझ्या लोकांच्या अर्पणांतल्या उत्तमोत्तम भागांवर तुम्ही पुष्ट का होता? ‘तुम्ही’ या अनेकवचनात एलीही आला. काटा त्याने धरला नव्हता, पण काट्याने वर आलेले मांस त्याच्या ताटात पडत होते. त्यानंतर निवाडा ऐकवण्यात आला. तुझे घराणे माझ्यासमोर सदैव चालेल असे मी म्हटले होते खरे, पण आता ते मजपासून दूर असो. तुझ्या घरात कोणी म्हातारपण पाहणार नाही. हफनी आणि फिनहास एकाच दिवशी मरतील, हीच तुला खूण. मी एक विश्वासू याजक उभा करीन. आणि तुझ्या घराण्यातला उरलासुरला माणूस त्याच्यापुढे वाकून चांदीचा तुकडा आणि भाकरी मागेल, मला याजकपणाचे काहीतरी काम द्या म्हणून विनवील. लोकांच्या भांड्यातून जबरीने घेणाऱ्यांच्या वंशजांनी भाकरीसाठी हात पसरावा, इतका नेमका मोबदला या शिक्षेत आहे.

दुसऱ्यांदा तोच निवाडा आला तो एका मुलाच्या तोंडून. हन्नाला झालेला शमुवेल शिलोतच वाढत होता. एलीची दृष्टी मंद झाली होती. देवाचा दीप अजून मालवला नव्हता अशा वेळी शमुवेलाला हाक ऐकू आली, आणि ती एलीची समजून तो तीनदा म्हाताऱ्याकडे धावत गेला. हाक कोणाची हे अखेर ओळखले ते एलीनेच, आणि उत्तर कसे द्यावे हेही त्यानेच शिकवले. आपल्याविरुद्धचा निकाल ऐकून घेण्याची रीत त्याने स्वतःच त्या मुलाला घालून दिली. सकाळी शमुवेलाने मंदिराची दारे उघडली, पण सांगावयास तो भीत होता. एलीने शपथ घालून सारे वदवून घेतले आणि म्हटले, की तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो. या उत्तराची पुष्कळांनी भक्ती म्हणून स्तुती केली आहे. मला त्यात भक्तीही दिसते आणि तीच जुनी निष्क्रियताही दिसते. निकाल ऐकल्यावरही तो मुलांना वेदीवरून उठवीत नाही.

निकालाची अंमलबजावणी पलिष्ट्यांच्या हातून झाली. यार्कोन नदीच्या उगमापाशी अफेक येथे पलिष्ट्यांची छावणी होती, समोर एबन-एजरला इस्राएलाची. पहिल्या दिवशी चार हजार इस्राएल पडले. तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारले, की परमेश्वराने आज आपला पराभव का केला? प्रश्न योग्य होता; पण उत्तराची वाट न पाहता त्यांनी शिलोहून कराराचा कोश रणात आणवला, आणि कोशाबरोबर हफनी व फिनहास आले. कोश पाहताच छावणीत असा जयघोष झाला की जमीन दणाणली. पलिष्टी आधी घाबरले आणि मग जिवावर उदार होऊन लढले. ग्रंथाच्या आकड्यांप्रमाणे तीस हजार पायदळ पडले, कोश शत्रूच्या हाती गेला आणि ते दोघे भाऊ मेले. पापी हातांनी वाहून आणलेल्या पवित्र वस्तूने रक्षण होत नाही, ही गोष्ट इस्राएलाला त्या दिवशी मैदानावर कळली.

त्याच दिवशी एक बन्यामिनी माणूस कपडे फाडून, डोक्यात धूळ घालून शिलोस धावत आला. अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली वाटेच्या कडेला आसनावर बसून होता. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण कोशासाठी त्याचे काळीज थरथरत होते. गावात आक्रोश उठला तेव्हा त्याने विचारले, हा गलबला कसला? जासुदाने बातमी क्रमाने सांगितली: इस्राएल पळाले, मोठी कत्तल झाली, तुझे दोघे पुत्र मेले, आणि देवाचा कोश नेला. पुत्रांच्या नावापर्यंत म्हातारा आसनावर होता. कोशाचे नाव निघताच तो वेशीपाशी मागे कोसळला आणि मान मोडून मेला. तो वृद्ध व देहाने जड होता, असे ग्रंथकार सांगतो. जन्मभर ज्याने पुत्रांचा मान देवाहून अधिक राखला, त्याच्या हृदयात अखेरीस अग्रस्थान कोणाला होते हे त्या एका क्षणी उघड झाले, आणि ते उघड होण्यास फार उशीर झाला होता. फिनहासाची गर्भवती पत्नी त्या धक्क्याने प्रसूत झाली. मुलाचे नाव ईखाबोद ठेवून, इस्राएलातून वैभव निघून गेले असे म्हणत तिने प्राण सोडला.

शिलोचे काय झाले हे शमुवेलाचा ग्रंथ सांगत नाही. जमिनीने मात्र ते सांगितले. १९२६ पासून डॅनिश संशोधकांनी तेथे खणले, आणि १९८१ ते १९८४ या काळात इस्राएल फिंकेलस्टाईन यांनी केलेल्या उत्खननात टेकाडाच्या पश्चिम उतारावर भिंतीला लागून बांधलेल्या इमारती निघाल्या. त्यांत गळ्याशी कंगोरा असलेले धान्याचे मोठे रांजण होते, आणि सगळ्यावर भीषण आगीच्या खुणा. आगीचा काळ त्यांनी अकराव्या शतकाच्या मध्याचा ठरवला. ती आग पलिष्ट्यांनीच लावली असा लेखी पुरावा नाही, परंतु अफेकच्या लढाईशी तो काळ चांगला जुळतो.

शमुवेल हा पुढे शास्ता झाला, आणि कारभार सोडताना त्याने जे केले ते एलीच्या हकीकतीशेजारी ठेवूनच वाचले पाहिजे. सर्व लोकांपुढे, नव्या राजाच्या साक्षीने, तो उभा राहिला आणि म्हणाला: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव? कोणाला फसवले, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, म्हणजे मी परत करीन. लोकांनी कबूल केले की काहीही घेतले नाही. आपल्या जमाखर्चाची अशी जाहीर तपासणी स्वतः होऊन मागणारा धर्माधिकारी त्या ग्रंथात दुसरा मला आढळत नाही. तरीही ग्रंथ त्याचीही गय करीत नाही: बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमलेले त्याचे पुत्र, योएल आणि अबीया, लाच खाऊन निवाडे फिरवीत, आणि त्याच कारणावरून वडीलजनांनी राजाची मागणी केली, हे तेथे उघड लिहून ठेवले आहे.

एलीच्या घराण्यावरचा निवाडा मात्र पिढ्यांतून उतरत गेला. नोब येथे त्याचा पणतू अहीमलेख याजक असताना त्याने पळणाऱ्या दाविदाला समर्पित भाकर आणि गल्याथाची तलवार दिली. त्या रागाने शौलाने सुती एफोद धारण करणाऱ्या पंच्याऐंशी याजकांची कत्तल करवली. राजाच्या शिपायांनी याजकांवर हात टाकण्यास नकार दिला, तेव्हा दवेग अदोमीने ते काम केले, आणि नोबातली बायकामुलेही मारली. हे वाचताना मन बंड करते, आणि तसे ते करावे असेच मला वाटते. ते लोक निर्दोष होते, अहीमलेखाची कैफियत सरळ व धीराची होती, आणि शौलाचे पाप शौलाच्याच माथी आहे. जो पाप करील तोच मरेल, पित्याच्या अधर्माचा भार पुत्र वाहणार नाही, असे पुढे यहेज्केलाने ठासून सांगितले. तोही याजकच होता, आणि कळपाला चारण्याऐवजी स्वतःच चरणाऱ्या मेंढपाळांना सर्वांत कठोर शब्द त्यानेच ऐकवले. नोबातून एकटा अब्याथार निसटला. त्याने जन्मभर दाविदाची साथ केली, पण उत्तरकाळी अदोनीयाचा पक्ष धरला. शलमोनाने त्याचा जीव राखून त्याला याजकपणावरून काढले आणि अनाथोथ येथे आपल्या शेतावर जाऊन राहण्याचा हुकूम दिला. शिलो येथे एलीच्या घराण्याविषयी बोललेले वचन असे पूर्ण झाले, अशी नोंद राजांच्या इतिहासात आहे. त्याच्या जागी सादोक आला.

अनाथोथच्या याजकांच्या वस्तीत सुमारे तीन शतकांनी यिर्मया जन्मला. तो अब्याथाराच्याच वंशातला असावा असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, शिलोची आठवण त्या गावात विझली नव्हती. इसवी सनापूर्वी ६०९ च्या सुमारास, यहोयाकीम गादीवर येताच, यिर्मया यरुशलेमेच्या मंदिराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, की हे परमेश्वराचे मंदिर आहे या लटक्या शब्दांवर विसंबू नका. शिलोला जा आणि माझ्या नावाचे ते पहिले स्थान मी कसे करून टाकले ते पाहा. सादोकाच्या परंपरेतल्या याजकांना एलीच्या घराण्याचे नाव ऐकवणे म्हणजे तुम्हीही त्याच वाटेवर आहात असे सांगणे होते. त्यांनी त्याला तेथेच धरले आणि देहदंडाची मागणी केली. सरदार राजवाड्यातून येऊन नव्या वेशीपाशी निवाड्यास बसले. वडीलजनांतल्या काहींनी हिज्कीयाच्या काळच्या मीखाचा दाखला दिला: त्यानेही यरुशलेमेच्या नाशाचे भाकीत केले होते, पण राजाने त्याला मारले नाही. शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला म्हणून यिर्मया वाचला. असेच भाकीत करणारा उरीया मात्र मिसरातून पकडून आणून ठार केला गेला. एक गोष्ट विसरता येत नाही: देहदंड मागणारे याजक होते, आणि वाचवणारे दरबारी.

इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये मंदिर जळाले. मुख्य याजक सराया याला रिब्ला येथे नेऊन बाबेलच्या राजाने ठार केले, आणि त्याचा मुलगा यहोसादाक बंदिवान होऊन गेला. सत्तर वर्षांच्या आत यहोसादाकाचा मुलगा यहोशवा, जरुब्बाबेलाबरोबर परतून, नवे मंदिर बांधावयास लागला. त्या काळच्या जखऱ्या संदेष्ट्याला झालेल्या दृष्टांतात हाच मुख्य याजक परमेश्वराच्या दूताच्या न्यायासनापुढे मळकट वस्त्रांनी उभा आहे, आणि उजव्या बाजूस फिर्यादी सैतान आहे. यहोशवा स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. फिर्याद फेटाळली जाते, मळकी वस्त्रे उतरवली जातात, मस्तकावर स्वच्छ मंदील चढवला जातो. आणि मग दूत त्याला नेमणुकीची अट ऐकवतो: तू माझ्या मार्गाने चाललास, माझे काम सांभाळलेस, तर माझ्या घराचा कारभार तुझ्याकडे राहील.